सावंत बाईंनी राखलेला संगीताचा तास

आमच्या शाळेतली सगळ्यात बेसूर गाणारी बाई गेली, त्याला आज वर्ष झालं.

सावंत बाई. मुलुंडच्या आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. प्रार्थनेला त्यांच्याजवळ माइक ठेवायचा नाही, असं स्टाफरूममध्ये ठरलेलंच होतं. त्यांनाही ते माहीत होतं. हसायच्या.

मी तिथे संगीत शिकवते. बाई आल्या त्याच आठवड्यात मला केबिनमध्ये बोलावलं.

"गॅदरिंगला किती मुलं गातात गं?"
"पंधरा."
"आणि बाकीची?"
"टाळ्या वाजवतात."
"मग शाळेत संगीत आहे असं कशाला म्हणतेस? पंधरा जणांना आहे."

राग आला होता मला, खरं सांगते.

पण जूनमध्ये टाइमटेबल लागलं. पाचवी ते नववी, प्रत्येक वर्गाला आठवड्यातून एक तास. तोही मधल्या सुट्टीच्या आधी, मुलं दमायच्या आत. खेळाच्या सामानाची खोली रिकामी करून मला दिली. फाटक्या भात्याची पेटी दुरुस्त करून आणली.

आणि एक विचित्र अट घातली. प्रत्येक टीचरने महिन्यातून एकदा माझ्या तासाला मागे येऊन बसायचं.

गणिताचे कदम सर जाम वैतागले. "इथे पोर्शन संपवताना वाट लागलीय, आणि बाई गाणी ऐकायला बसवतायत!"
तपासायचे पेपर घेऊनच यायचे.

एक दिवस सायली, त्यांच्या तासाला कधी तोंड न उघडणारी मुलगी, झपतालाच्या दहा मात्रा हातावर मोजत अख्ख्या वर्गाला समजावत होती. दोन, तीन, दोन, तीन.
सरांचं लाल पेन थांबलं.

बाई गेल्या त्या अचानक. हार्ट अटॅक.
रडताना मनात एक स्वार्थी भीतीही होती. आता माझा तास जाणार.

गेल्या आठवड्यात मीटिंगमध्ये विषय निघालाच. नवे मुख्याध्यापक म्हणाले, नववीचं संगीत बंद करू, त्या जागी जादा गणित.


कदम सर उभे राहिले.
"सर, जादा तास मलाच देताय ना? मला नकोय. संगीत राहू द्या. माझ्याकडे गप्प बसणारी मुलं तिथे बोलतात. मी पाहिलंय."

मग सायन्सच्या मॅडम बोलल्या. मग पीटीचे सर.

काल नवं टाइमटेबल लागलं. तास जागेवर आहे.
मी तिथेच जिन्यात बसले. हुश्श.
घरी जाऊन कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले.

उद्या पाचवीची नवी मुलं येतील माझ्या वर्गात. बाई, त्यांनी तुम्हाला पाहिलेलं नाही. मी सांगेन त्यांना तुमच्याबद्दल.

बाई, मनापासून नमस्कार.