उमरावांचं टक्कल

आमच्या उमरावांनी म्युनिकमधला एकही मराठी माणूस टकला ठेवला नाही. चित्रात ते प्रत्येकाला पावडर लावलेला, कानांवर गुंडाळ्या असलेला पांढरा विग चढवत.

उमराव हे नाव चित्रकलेच्या आमच्या शनिवारच्या वर्गात पडलेलं. एरवी ते सांगलीचे इंजिनिअर, एका मोटार कंपनीत गिअरबॉक्सचं काम करत आणि बारा महिने एकच जाकीट घालत. पण इथल्या म्युझियममधली अठराव्या शतकातल्या राजेरजवाड्यांची तैलचित्रं पाहून ते बिघडले. मराठी मंडळाच्या खजिनदारांना त्यांनी मखमली कोट घातला, हातात गुलाब दिला आणि पायाशी कुत्रं बसवलं. खजिनदारांच्या बायकोने चित्र निरखून सांगितलं, "कुत्रं छान आलंय."

"आल्झो, म्हणजे कसं, खरं दिसायला पासपोर्टचा फोटो आहे," उमराव म्हणत. "तैलचित्रात माणूस थोर दिसला पाहिजे."

स्वतः मात्र नियमांचे पक्के. इथे रविवारी बिल्डिंगमध्ये आवाज करायला मनाई, म्हणून घरात मिक्सर बंद. वहिनींनी खलबत्ता काढला, तर हे त्याखाली टॉवेल सरकवत.

एकदा मला म्हणाले, "चित्रकाराने चित्रकाराचं पोर्ट्रेट करायचं, ही जुनी रीत आहे. तू माझं कर. सॅटिन नीट चमकव."

मी केलं. निळा सॅटिनचा कोट, मनगटाशी लेस, हातात पॅलेट. त्या तुळतुळीत टकलावर विग चढवताना मला हसू आवरेना; ते मात्र गंभीर बसून होते. पूर्ण झालेलं चित्र पाहून त्यांचे डोळे भरून आले. ते हॉलमध्ये सोफ्याच्या वर लागावं, एवढाच त्यांनी ध्यास घेतला.

वहिनी अडून बसल्या. "भिंतीवर एवढा फोटो गेलेल्यांचा लावतात. तुम्ही असताना मी लावू देणार नाही."

चित्र कपाटामागे गेलं. उमराव प्रत्येक पाहुण्याला तिथे नेऊन ते दाखवत आणि हळूच म्हणत, "पटेल तिला."

गेल्या हिवाळ्यात ऑफिसातच ते हार्ट अटॅकने गेले. शनिवारी त्यांचं रिकामं स्टूल दिसलं की मला अजूनही रंग उघडावेसे वाटत नाहीत.

काही आठवड्यांनी वहिनींनी बोलावलं. चित्र बाहेर काढून ठेवलं होतं. "भाऊजी, आता लावायला हवं. पण हा राजा कोण, मला ठाऊक नाही. ह्यांचं टक्कल परत काढून द्याल?"

मी विगकडे पाहिलं, मग कोटाकडे. "कोटही बदलू?"

"तो असू दे. तेवढी त्यांची हौस."

टक्कल रंगवून, वाळवून चित्र परत नेलं, तो नेमका रविवार होता. वहिनी चंदनाचा हार आणि ड्रिल समोर ठेवून बसल्या होत्या. मी म्हटलं, "आज रविवार. भोक उद्या पाडू."

वहिनींनी चित्रातल्या टकलाकडे पाहिलं. "आजच लावा," म्हणाल्या. "रागावणारे तर भिंतीवरच चाललेत."

मी ड्रिल उचललं. वहिनी उठल्या आणि सवयीने आधी खिडकी बंद करून आल्या.