एकही पायरी नसलेला दवाखाना

माझ्या दवाखान्याचा पहिला नकाशा टेबलावर पसरला तेव्हा मी सगळ्यात आधी त्यातल्या पायऱ्या खोडल्या. लाल पेनाने, कचाकचा. दाराच्या बरोबर समोर सहा पायऱ्या ऐटीत काढल्या होत्या आणि माझ्यासारखीसाठी रॅम्प कुठेतरी कडेला, बारीक रेघांत. इंजिनिअर माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मी म्हटलं, "माझ्या दवाखान्यात कुणी कडेने यायचं नाही. सगळे एकाच वाटेने येतील. माझ्या."

एवढा राग कशाचा ते सांगून टाकते. दीड वर्षाची असताना मला पोलिओ झाला आणि दोन्ही पाय गेले. आधी कॅलिपर लावले, मग चाकांची खुर्ची आली. या चेन्नईत मी शाळा केली, कॉलेज केलं, डॉक्टर झाले, पण जिथे जिथे पायऱ्या होत्या तिथे मी बाबांच्या हातांवरून वर गेले. बाबा साताऱ्याहून नोकरीसाठी इकडे आलेले, शहराबाहेर आवडी नावाच्या गावातल्या संरक्षण कारखान्यात फिटर. सकाळी मला वर्गात पोचवायचं, मग धावत बस गाठायची, संध्याकाळी परत. परीक्षेचा नंबर दुसऱ्या मजल्यावर लागला की घरात सुतकी शांतता. मी अठरा वर्षांची घोडी, बापाच्या हातांवर, आणि आजूबाजूला वर्गातली मुलं सभ्यपणे दुसरीकडे बघतायत. लाज वाटायची नाही असं म्हटलं तर खोटं होईल. पण लाजेपेक्षा संताप जास्त. बाबांवर नव्हे हो, पायऱ्यांवर.

पुढे पंधरा वर्षं शोळिंगनल्लूरच्या बाजूच्या एका मोठ्या रुग्णालयात नोकरी केली. तिथे लिफ्ट होती, गुळगुळीत फरशी होती, कशाला काही कमी नव्हतं; फक्त दारातल्या उभ्या रॅम्पवर मला रोज मागून कुणीतरी ढकलायचं. तरी स्वतःचा दवाखाना काढायचा हे डोक्यातून जात नव्हतं. मी ते पुढे ढकलत राहिले, आणि एक दिवस बाबांचा उजवा हात कपबशी धरताना थरथरायला लागला. कंपवात. मी मेंदूविकारांची डॉक्टर, माझ्याच खात्यातला आजार, मला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. हात थरथरतो ते वेगळंच, पण हा आजार हळूहळू चालच खातो. पावलं आखूड होतात, मग पाय उचलायचेच विसरतात.

आता घाई करायला हवी हे मला कळलं आणि बाबांनाही. त्यांनी चहा संपवला आणि म्हणाले, "दवाखाना लवकर बांध. मी तिथे माझ्या पायांनी येणार. उचलून न्यायची वेळ आली, तर मला नेऊच नका."

म्हणजे शर्यत सुरू झाली. एकीकडे बांधकाम, दुसरीकडे बाबांचे पाय.

टी. नगरच्या मागच्या अंगाला, साड्यांच्या दुकानांचा गोंगाट जिथे जरा ओसरतो, तिथे एका गल्लीत जागा मिळाली. चिंचोळी आणि लांब. त्या गल्लीत पावसाळ्यात गुडघाभर पाणी साचतं, त्यामुळे जोतं रस्त्यापासून तीन फूट उंच घ्यायचं ठरलं. आता गणित बघा. एक फूट चढायला बारा फूट लांब रॅम्प लागतो, त्याहून उभा केला तर खुर्चीतल्या माणसाचे हात गळतात. तीन फुटांना छत्तीस फूट झाले. इंजिनिअरनी पहिल्यांदा काढला होता तो जेमतेम पंधरा फुटांचा. मी विचारलं, "हा मी चढायचा कसा?" ते म्हणाले, "मागून एक जण ढकलेल की."

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. हे इंजिनिअर साठीचे, तंजावूरकडच्या जुन्या मराठी घरातले, अतिशय सज्जन. त्यांची मराठी ऐकली की आपली पणजी तमिळ हेल काढून बोलतेय असं वाटतं. पण सज्जनपणाचा आणि रॅम्पचा काय संबंध? मी साइटवर प्लायवूडचे दोन तक्ते त्यांच्या नकाशातल्या उताराने टेकवायला लावले, घरून माझी जुनी खुर्ची मागवली आणि त्यांना म्हटलं, बसा. बसले बिचारे. मधेपर्यंत गेले, मग खुर्ची मागे यायला लागली आणि ते "अय्यो, अय्यो" करत थेट वाळूच्या ढिगाऱ्यात. कपडे झटकून उठले आणि दुसऱ्या दिवशी छत्तीस फुटांचा रॅम्प काढून आणला. अठरा फूट वर जायचं, तिथे खुर्ची वळवायला पाच फुटांचा सपाट चौक, मग उलट फिरून पुन्हा अठरा फूट. त्यासाठी माझ्या तपासणीच्या खोलीतली चार फूट जागा गेली. मी आनंदाने दिली.

नकाशात पायऱ्या मात्र त्यांनी परत काढल्या होत्या. "पायऱ्या असों द्या, डॉक्टरम्मा," ते म्हणाले. "नियमावलीत लिहिलंय. रॅम्पच्या जोडीला पायऱ्याही द्याव्या, दोन्ही बाजूंना कठडा लावून. सगळ्यांनाच उतार झेपत नाही."

"ज्यांनी लिहिलं त्यांना पाय होते," मी म्हटलं.

स्वतःच्या या उत्तरावर मी फार खूश झाले. मंजुरीला नकाशा गेला तो पायऱ्यांसकट. बांधायची वेळ आली तेव्हा मी "नंतर बघू" म्हणून ते काम थांबवलं. नंतर बघायचं नाही हे माझ्या मनात पक्कं होतं.

बाकी कामावर मी घारीसारखी नजर ठेवून होते, हे मीच सांगते, कारण दुसरं कुणी चांगल्या शब्दांत सांगणार नाही. मेस्त्री मला बघितलं की विडी विझवायचा. एकदा सकाळी गेले तर त्याने पेशंटच्या संडासाच्या दारात दोन इंचांचा ग्रॅनाइटचा उंबरा बसवला होता, सुबक, चकचकीत. का? तर पाणी बाहेर येऊ नये म्हणून. आयुष्यभर त्याने प्रत्येक न्हाणीला उंबरा घातला, त्याच्या बापानेही घातला असेल. मी खुर्चीची पुढची लहान चाकं त्या उंबऱ्याला टेकवून तिथेच बसून राहिले. त्याने दोनदा माझ्याकडे बघितलं, एकदा उंबऱ्याकडे, आणि छिन्नी मागवली. पाणी आतल्या आत जायला फरशीलाच उतार दिला. दार बाहेर उघडणारं केलं, म्हणजे आत कुणी पडलं तरी दार अडणार नाही. दारं तीन फूट रुंद, काउंटरचा एक भाग बसलेल्या माणसाच्या उंचीचा. मी एकेक गोष्ट स्वतः खुर्चीतून करून बघितली. माझ्याइतकं हे काम अख्ख्या शहरात कुणाला कळत नाही, असं मला तेव्हा वाटत होतं आणि मी ते बोलूनही दाखवत होते.

पावसात दोन महिने काम बंद पडलं. बाबांची पावलं त्या दोन महिन्यांत आणखी आखूड झाली. घरात स्वयंपाकघराच्या दारात ते अडकायचे, पाय जमिनीला चिकटल्यासारखे. "चला बाबा," म्हटलं की चिडायचे. "चलायला काय मला हौस नाही का?" रोज विचारायचे, "झालं का गं?" मी म्हणायचे, "फरशी राहिलीय," "कठडे राहिलेत," "रंग राहिलाय." मनातून मी घाबरले होते. इतकी घाबरले होते की मेस्त्रीवर ओरडायचंसुद्धा विसरले.

शेवटी झालं एकदाचं. उद्‌घाटन सकाळी ठेवलं, कारण सकाळच्या गोळीनंतर बाबांचे पाय बरे चालतात. पण पाहुणे कुठे वेळेवर येतात? कुणी बसमध्ये अडकलं, कुणाला ऑटो मिळेना. दहाचे साडेअकरा झाले आणि गोळीचा जोर ओसरला. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. मी नवी साडी आणि कौतुक यांत गुंग होते.

पहिली मी चढले. एकटी. दवाखान्यातल्या सिस्टरने पहाटे येऊन दाराशी तांदळाच्या पिठाचा कोलम, म्हणजे इकडची रांगोळी, काढला होता, त्याला वळसा घालून आत शिरले. खाली टाळ्या वाजल्या. आयुष्यात पहिल्यांदा मी एका इमारतीत कुणाचाही हात न लागता गेले आणि ती इमारत माझी होती. मला रडू आलं. मी ते पुसलंही नाही.

मग बाबा निघाले. उजवा हात कठड्यावर, पांढरा शर्ट, केस चापून बसवलेले. पहिले अठरा फूट आखूड पावलांनी पण नीट आले. चौकात पोचले. आता वळायचं होतं, आणि तिथे त्यांचे पाय थांबले.

ते नुसते उभे राहिले नव्हते. वरचं अंग पुढे जायला बघत होतं आणि पाय जागच्या जागी थरथरत होते. खाली वीस-पंचवीस माणसं. सगळी माना वर करून बघतायत. इंजिनिअर पुढे झाले, सिस्टर धावली, कुणीतरी म्हणालं, "खुर्ची आणा, उचलून घेऊ." बाबा ओरडले, "हात लावायचा नाही!" मग वर माझ्याकडे बघून अगदी हळू म्हणाले, "बाळ, एक पायरी असती ना, तर चढलो असतो."

माझ्या थोबाडीत बसावी तसं झालं. कारण ते खरं होतं, आणि ते मला माहीत होतं. कंपवाताच्या माणसाला सपाट जागा आणि वळण अडवतं, उतारावर त्याचा तोल सुटतो, पण समोर पायरी दिसली की पाय आपोआप उचलतो. डोळ्याला ओलांडायला काहीतरी लागतं. हे मी रोज पेशंटच्या घरच्यांना समजावते. आणि स्वतःच्या बापासाठी मी गुळगुळीत, सलग, एकही पायरी नसलेली छत्तीस फुटांची वाट बांधली होती. माझ्या मापाची.

मी सिस्टरला म्हटलं, "कोलमच्या पिठाचा डबा दे." डबा मांडीवर घेतला आणि खाली बाबांपर्यंत गेले. खुर्ची वळवली, ब्रेक लावला, वाकले आणि त्यांच्या बुटांसमोर पिठाची जाड आडवी रेघ ओढली. "ही ओलांडा, बाबा." त्यांनी रेघेकडे बघितलं. पाय उचलला. ओलांडली. मी ब्रेक काढला, दोनदा चाकं ढकलली, ब्रेक लावला, रेघ ओढली. ओलांडली. पुन्हा. चढावर खुर्ची मागे ओढत होती, खांदे पेटले होते, नव्या साडीवर पीठच पीठ. मधे एकदा बाबा म्हणाले, "रेघ वाकडी आलीय," आणि मी म्हटलं, "गप चढा." अठरा फुटांना किती रेघा लागल्या ते मोजायचं कुणाला सुचलं नाही. दारातला कोलम चाकांनी आणि पावलांनी आम्ही दोघांनी मिळून पुसून टाकला आणि आत आलो.

बाबांना मी माझ्यासमोरच्या खुर्चीत बसवलं. धाप लागली होती, दोघांनाही. नाडी बघितली, गोळी दिली, आणि प्रत्येक पेशंटला विचारते तसं विचारलं, "काय त्रास होतोय?"

"मला काही नाही," ते म्हणाले. "तुझ्या दवाखान्याला पायऱ्या नाहीत, एवढाच त्रास आहे."

मी हसले, मग भोकाड पसरलं, मग नव्या पॅडचा पहिला कागद ओढला आणि त्यावर लिहिलं: सहा पायऱ्या, प्रत्येकी सहा इंच, दोन्ही बाजूंना कठडा, प्रत्येक पायरीच्या कडेला पिवळी पट्टी. कागद दारात उभ्या असलेल्या इंजिनिअरांना दिला आणि सगळ्यांसमोर म्हटलं, "तुमचं बरोबर होतं. माझं चुकलं." माझ्या तोंडून हे वाक्य सहसा निघत नाही. त्यांनी कागद वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि सोमवारी माणसं पाठवली.

त्या पायऱ्या बाबा अकरा महिने चढले. दोन्ही हात दोन कठड्यांवर, एकेक पिवळी पट्टी बघत, दर बुधवारी. बाराव्या महिन्यात एका बुधवारी पायऱ्यांपाशी थांबले आणि स्वतःच सिस्टरला म्हणाले, "खुर्ची आण, आज रॅम्पने जाऊ." त्यानंतर ते रॅम्पनेच आले. पण माझ्या दवाखान्यात बाबांना शेवटपर्यंत कुणाला उचलावं लागलं नाही.