गुहागरचा डावखुरा

आमच्या स्टेशनवर खेळाडूचं नाव घ्यायचं नाही, हा पहिला नियम. खेळाचा रेडिओ आणि खेळाडूला नाव नाही! नवीन माणूस हसायचा. मी म्हणायचो, बाबा रे, हे बहरीन आहे. शुक्रवारी सकाळी बॅट घेऊन उतरलेली निम्मी टीम कंपनीच्या कागदावर आजारी असते.

स्टेशन मिडियम वेव्हचं. बाब अल बहरीनच्या वेशीमागच्या गल्लीत, कापडाच्या दुकानावर दोन खोल्या. मालक इथलाच, फुटबॉलवेडा म्हातारा. संध्याकाळी अरबीतून फुटबॉल आणि शुक्रवारी सकाळी आपल्या लोकांचं क्रिकेट. आधी मल्याळम, मग उर्दू, आणि उरलंसुरलं मराठी. उरलंसुरलं म्हणजे मी. आठवडाभर सीफ भागात एसी दुरुस्त करायचे आणि शुक्रवारी मैदानावर टेबल मांडून समालोचन करायचं. गावाकडे, चिपळूणला, टेनिस बॉलच्या सामन्यांत लाउडस्पीकरवर घसा फोडून कमावलेला आवाज होता, तो इथे कामी आला. पुढे एफएम आलं, मोबाइलवर सगळं दिसायला लागलं. लोक मला चिडवायचे, "तुझा खोका आता ऐकतंय कोण?" ऐकणारे होते. टॅक्सीवाले, गोदामवाले, क्रेनवाले. ज्यांचे डोळे कामाला जुंपलेले आणि कान मोकळे, ते सगळे माझे.

नियमाचं कारणही सांगतो. अगदी सुरुवातीला एका समालोचकाने षटकार मारणाऱ्याचं नाव मोठ्या कौतुकाने घेतलं. त्या पोराचा साहेब गाडीत ऐकत होता. पोरगा आठवडाभरात गावी परत. तेव्हापासून फक्त गावाचं नाव. देवरुखचा गोलंदाज, म्हसळ्याचा विकेटकीपर. आणि सगळ्यांत लाडका, गुहागरचा डावखुरा.

हा पठ्ठ्या हिद्दच्या कंटेनर यार्डात कामाला. एरवी रेड्यासारखा ठणठणीत, पण मोठा सामना आला की याची पाठ धरलीच. दोन वॉर्निंगा झाल्या होत्या. तिसऱ्यांदा पकडला गेला तर सरळ परतीचं तिकीट. आणि आता याच्या बायकोचा व्हिसा झालेला. लग्नाला चार वर्षं झाली, पहिल्यांदाच ती इथे येणार होती.

म्हाताऱ्या मालकानंतर मुलांनी खलास म्हटलं आणि स्टेशन बंद करायचं ठरलं. शेवटची फायनल होती त्या सकाळी हा तोंडाला टॉवेल गुंडाळून मैदानावर हजर. माझं डोकंच फिरलं.

"मेल्या, बायको यायचीय ना तुझी? आज कशाला कडमडलास?"

"आज शेवटचंच स्टेशन चालू हाय. तुझ्या तोंडून एकदा ऐकू दे," तो म्हणाला.

शमाल वारा सुटला होता, धूळ उडत होती. त्यामुळे टॉवेल कुणाला खटकला नाही. शेवटच्या षटकांत हा खेळायला आला. माझा माइक दोन्हीकडे जोडलेला. एक वायर मैदानावरच्या लाउडस्पीकरला, दुसरी फोनवरून स्टुडिओत. म्हणजे मी जे बोलणार ते फलंदाजही ऐकणार आणि अख्खं बहरीनही.

तेवढ्यात शेजारच्या खुर्चीवर एक माणूस येऊन बसला. अंगात यार्डाचं केशरी जॅकेट, पांढऱ्या मिशा, हातात छोटा ट्रान्झिस्टर. तो यार्डाचा सुपरवायझर आहे हे मला जॅकेटवरूनच कळलं. सांगलीकडचा, एक नंबरचा खडूस, असं डावखुऱ्याने हजारदा सांगितलं होतं.

"तुमचाच आवाज ना?" त्याने विचारलं. "तो गुहागरचा डावखुरा कुठाय?"

म्हटलं, बोंबला! माग काढत आला हा.

"तो आज नाहीये, साहेब."

"नाही? अहो, त्याच्यासाठी शिफ्ट बदलून आलो मी." आणि तो मैदानाकडे डोळे बारीक करून बघू लागला. खेळणारा डावखुराच होता. या माणसाकडे कामगारांचे पासपोर्ट, गाव, पत्ता, सगळं असणार. मी माइक ओढला आणि तोंडाला आलं ते ठोकून दिलं, "क्रीडारसिकहो, स्ट्राइकवर आहे चिपळूणचा डावखुरा..."

त्याने चेंडू उचलला, थेट कुंपणापार. मी ओरडलो, "षटकार! चिपळूणच्या डावखुऱ्याचा उत्तुंग षटकार!"

खेळ थांबला. डावखुऱ्याने बॅट खाली टाकली आणि माझ्या टेबलाकडे बघितलं. मी हळूच हाताने खूण केली, गप राहा म्हणून. त्याला ती चिथावणी वाटली असावी. तो तरातरा चालत आला. मी त्याला लपवतोय हे त्याला कळायला हवं होतं, कळलं नाही. कुणी शिवी दिली तर आमचा माणूस एक वेळ गिळेल, पण त्याचा षटकार दुसऱ्या गावाच्या नावावर? तेही समालोचक स्वतः चिपळूणचा असताना?

"चोरा!" तोंडावरचा टॉवेल ओढून काढत तो ओरडला. "शेवटच्या दिवशी माझी सिक्स तुझ्या गावाला देतोस? मी गुहागरचा हाय, गुहागरचा!"

माइक चालूच होता. सगळं स्टेशनवरून गेलं. मग त्याला माझ्या शेजारचं जॅकेट दिसलं, आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. मला त्याच्या बायकोचा व्हिसा आठवला आणि रडूच यायला लागलं. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती.

सुपरवायझर सावकाश उभा राहिला. "पाठ बरी दिसतेय," तो म्हणाला.

त्याने हातातला ट्रान्झिस्टर टेबलावर ठेवला.

"सहा वर्षं ऐकतोय मी याला," तो आता माझ्याशी बोलत होता, पण नजर डावखुऱ्यावर. "यार्डात रेडिओ लावून बसतो दर शुक्रवारी. मला वाटायचं असेल कुणी मोठा खेळाडू. आणि हा तर माझ्याच यार्डातला आजारी!" मग त्याच्यावर खेकसला, "बघतोस काय? जा, उरलेले चेंडू खेळ. तुझं उद्या ऑफिसात बघतो."

डावखुरा गेला. पुढच्याच चेंडूवर त्रिफळा उडाला आणि आमची फायनल गेली. सुपरवायझरने कपाळावर हात मारला. "आडवी बॅट कशाला घातली रे! सरळ खेळायचं ना!" रजेचा विषय त्याने पुन्हा काढला नाही, पण ऑफिसचं बोलणं मागेही घेतलं नाही. स्टेशनवरून गेलेलं शेवटचं वाक्य ते, आडव्या बॅटचं. त्यानंतर खरखर, आणि मग तीही नाही.

त्या रात्री डावखुऱ्याने मला फोन केला नाही, मी त्याला केला नाही. काय बोलणार होतो? बायकोला तिकीट काढू नको म्हणून सांग, असं?

शनिवारी दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. सुपरवायझर. मी उभाच राहिलो.

"त्याला शुक्रवारची सुट्टी दिलीय कायमची," तो म्हणाला. "पुन्हा पाठ दुखली तर मात्र विमानात बसवीन, त्याला सांगितलंय. आता माझं काय ते बोला. स्टेशन बंद. यार्डात मोबाइलमध्ये डोकं घालून बसता येत नाही मला. मी ऐकू काय?"

म्हणून आता दर शुक्रवारी मी मैदानावरून एकाच माणसाला फोन लावतो आणि अख्खा सामना त्याला सांगतो. डावखुऱ्याची बायको आली आहे, ती माझ्याच शेजारी खुर्ची टाकून बसते. पहिल्या शुक्रवारी तिच्यासमोर मला वाटलं, आता भीती कसली, म्हणून मी मोठ्या तोऱ्यात तिच्या नवऱ्याचं नाव घेतलं. पलीकडून लगेच खेकसणं आलं.

"नाव नको. त्या नावाच्या माणसाला मी आठवडाभर शिव्या घालतो. आज तो गुहागरचाच राहू दे."