हेलियम भरणारे तुळशीरामदादा

आमच्या महापेच्या लॅबमध्ये द्रव हेलियम भरायचं काम तुळशीरामदादांचं. बावीस वर्षं झाली. दिवाळे गावचे कोळी, तरुणपणी बापाबरोबर खाडीत जाळं ओढलेले. मी अमिता, इथली संशोधक, आणि लॅबमधली सगळ्यात तापट बाई.

त्या सकाळी माझा जीव एका मोहरीएवढ्या स्फटिकात अडकला होता. वाढवायला आठ महिने लागले होते. त्यातला एकेक रेणू म्हणजे इवलासा लोहचुंबक. स्फटिक यंत्रात बसवून शून्याखाली दोनशे एकाहत्तर अंशांवर नेला होता. संध्याकाळच्या आत हेलियम संपलं तर तो गरम होऊन त्याचा भुगा होणार, आणि दुसरा नव्हता.

हेलियमच्या टाकीचा मीटर साठ लिटर दाखवत होता. दादांनी आपली लांब नळी टाकीत सोडली, वरच्या टोकावर अंगठा ठेवून ती हळूहळू वर ओढली आणि मान हलवली. "मॅडम, यात तीस बी नाय."

"मीटर खोटा आणि तुमचा अंगठा खरा? काहीतरीच काय!" मी सगळ्यांसमोर ओरडले.

नळीच्या वरच्या टोकाला रबर ताणून बसवलेलं असतं. नळी परत टाकीत सोडून दादांनी माझा अंगठा त्यावर ठेवला आणि ती हळूहळू वर ओढली. आधी रबर संथ धडधडत होतं. मग एकदम भरभर थरथरायला लागलं. "हितं हेलियम संपलं, वर नुसती वाफ," दादा म्हणाले. नळीवरच्या खुणेप्रमाणे अठ्ठावीस लिटर. एवढं संध्याकाळपर्यंत पुरलं नसतं.

दादा स्वतः तुर्भ्याला गॅसच्या डेपोत गेले आणि अकराच्या आत भरलेली टाकी घेऊन आले.

दुपारी स्क्रीनवर स्फटिकाच्या चुंबकत्वाचा आलेख उमटायला लागला. या चुंबकांना उलटं व्हायचं तर मधे ऊर्जेचा डोंगर असतो, आणि एवढ्या थंडीत तो चढायची ताकद त्यांच्यात नसते. तरी यंत्राचं चुंबकीय क्षेत्र ठरावीक आकड्यावर आलं की ते उलटतात. डोंगर न चढता, आरपार! तसं झालं की आलेखाला पायरी पडते. पहिली पडली. बरोबर तेवढ्याच अंतरावर दुसरी. माझ्या अंगावर काटा आला.

दादा दारातच उभे होते. "वाचला ना मॅडम?"

मी त्यांना आत बोलावून सगळं सांगितलं. ते स्क्रीनकडे बघतच राहिले.

"भोक नाय, वाट नाय, तरी पार?"

"हो दादा."

"आयला!" तिसरी पायरी पडली आणि त्यांचे डोळे भरून आले. "बावीस वर्सं भरतंय मी. त्यानं हे असलं होतं, कुनी दाखवलंच नाय."

मी खुर्चीवरून उठले आणि त्यांना बसवलं. चौथी पायरी सगळ्यात आधी त्यांनी पाहिली.