खोडाबाईंची सही

पाणीपुरवठा कार्यालयात खोदकामाचे परवाने देणाऱ्या बाईंना सगळे खोडाबाई म्हणत. त्यांना एक वाईट खोड होती: सही करण्याआधी त्या कागद वाचत. एवढ्यावर भागलं असतं तर लोकांनी पोटात घातलं असतं. पण त्या जागा बघायलाही जात. त्यांच्या आधीचे साहेब चहा गार व्हायच्या आत दहा परवाने उरकत. त्यांच्या निरोपसमारंभाला खुर्च्या पुरल्या नव्हत्या.

त्या दिवशी इंजिनिअर दवाखान्यासमोरच्या रस्त्याचा अर्ज घेऊन आले. नकाशात विजेची केबल डावीकडे, खोदायचं उजवीकडे. मग अडलंय कुठे, असं त्यांचं म्हणणं. बाईंनी नकाशावरचं साल पाहिलं. त्यानंतर रस्ता दोनदा रुंद झाला होता. त्यांनी हेल्मेट चढवलं आणि केबल शोधायचं यंत्र काखेत मारलं.

उजव्या कडेला यंत्र कुईकुई करू लागलं. खाली कुणाचा तरी जेवणाचा डबा पुरलेला असेल, असं निदान इंजिनिअरांनी केलं. जेसीबीचा ड्रायव्हर इंजिन घुरघुरवत बसला होता. बाईंनी ते बंद करायला लावलं, मजुरांच्या कुदळी बाजूला ठेवल्या आणि नुसत्या फावड्यांनी, हलक्या हातानं चाचणीचा खड्डा घेतला. त्यात दोन तास गेले. तेवढ्यात इंजिनिअरांनी वर तीन फोन लावले.

कमरेइतक्या खोलीवर विटांचा थर लागला. त्याखाली मनगटाएवढी केबल.

वीज कंपनीचा माणूस आला, वाकून बघून म्हणाला, "चालू आहे. दवाखान्याचीच."

ड्रायव्हर जेसीबीच्या पायरीवर बसला तो बराच वेळ उठलाच नाही. बाईंनी टेप धरून दवाखान्याच्या भिंतीपासून केबलचं अंतर मोजलं.

आठवड्याभरात इंजिनिअरांना दक्षतेबद्दल प्रशस्तिपत्र मिळालं, आणि बाईंना काम अडवल्याबद्दल मेमो. बाईंनी आधी लाल पेन्सिलीनं नकाशात केबल उजवीकडे काढली, भिंतीपासूनचं अंतर लिहिलं, आणि मग मेमोकडे वळल्या.

एवढ्यात ड्रायव्हर दारात येऊन उभा राहिला. आजवर त्यानं त्यांना साधा नमस्कार केला नव्हता.

"ताई, शाळेसमोर खोदायचंय. परवाना आहे, वरूनच सही होऊन आलाय. पण तुम्ही एकदा बघता का?"

"या मेमोचं उत्तर लिहिते आणि येते," बाई म्हणाल्या. "तोवर इंजिन बंद ठेवा."