दगडावरचा पत्ता

क्लेमेंट, उगाच लाजू नका. तुम्ही स्वतःबद्दल बोलणार नाही, म्हणून मी लिहिते. ज्यांना तुम्ही ठाऊक नाही त्यांच्यासाठी पहिल्यापासून सांगते.

भुईगावचे क्लेमेंट कबरींच्या संगमरवरावर नावं कोरत. २००६ पासून ते त्या माणसांच्या छोट्या हकिकती ब्लॉगवर लिहू लागले. मग लोक म्हणाले, नावाखाली त्या पानाचा पत्ताही कोरा. पडद्यावर दिसला तसा त्यांनी कोरला: साल, महिना, प्रश्नचिन्ह, आकडे, सगळं शेपूट. एकेचाळीस दगडांवर!

दोन वर्षांनी पुतण्या ग्लेनने ब्लॉग नव्या सॉफ्टवेअरवर नेला आणि सगळे पत्ते बदलले. नोव्हेंबरात, मृतांच्या दिवशी, गावातल्या सालोमीने आपल्या आईच्या दगडावरचा पत्ता कुवेतच्या बहिणीला फोनवर वाचून दाखवला. पान उघडेना.

"अंकल, माझ्या आयचा दगड खोटं बोलतो!" सालोमी दारातूनच कडाडली. "बहीण रडते तिकडं. मयतालापन येता आलं नव्हतं तिला."

ग्लेन हसला. "दगड बदला ना अंकल. धंदा तुमचाच."

"गाढवा, दगड बदलत नसतात. तुझा कंप्युटर बदल."

"जुना पत्ता नव्या पानाकडे वळवता येतो. पण एकेक करून, हाताने. मला वेळ नाही."

"मग मला शिकव."

सहासष्टाव्या वर्षी, एका बोटाने टाइप करणारा माणूस! ग्लेनकडची जुन्या पत्त्यांची यादी त्यांनी घेतलीच नाही. दगडावर कागद धरून त्यावर पेन्सिल घासली आणि उमटलेलं अक्षर न् अक्षर उतरवलं. दोन दगडांवर त्यांच्याच छिन्नीने सातचा एक केलेला निघाला. क्लेमेंटनी तो चुकीचा पत्तासुद्धा बरोबर पानावर नेऊन सोडला. आपली चूक खरी करून दाखवणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. नव्या पानांच्या पत्त्यात मग फक्त माणसाचं आणि गावाचं नाव. तारीख नाही, आकडा नाही. दिलेला पत्ता पुन्हा बदलायचा नाही.

सालोमीने फोन त्यांच्या कानाला लावला. समुद्रापलीकडून बहीण उघडलेलं पान वाचत होती, "आमची आय केळीच्या बागेत उभ्यानेच जेवायची..." क्लेमेंट ओट्यावर बसून शेवटपर्यंत ऐकत राहिले.

चाळीस दगड झाले. उरलेला एक आगाशीच्या कबरस्तानात. "टीचर, तुमची नजर चांगली. रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की जाऊ," तुम्ही मला म्हणालात. मी पेन्सिलीला टोकही काढून ठेवलं. त्या रविवारी तुमचा गुडघा, पुढच्या रविवारी माझे पाहुणे. आपण काही गेलो नाही; तो एक पत्ता अजून उघडत नाही.