जपानी प्रश्न, मस्कतची उत्तरं

आमच्या क्लिनिकमध्ये संशोधन होतं थोडं आणि किस्से होतात फार. संशोधनाला परवानगी लागते, निधी लागतो. किश्श्यांना एक कप चहा पुरतो. त्यामुळे ते साठत जातात, आणि चार माणसं भेटली की माझ्यासारखी बाई सांगत सुटते.

मी मस्कतमध्ये समुपदेशक आहे. क्लिनिक मदिनत सुलतान काबूसला, घर अझैबाला. माझी सहकारी उल्रिके जर्मन. जपान्यांकडे 'इकिगाई' म्हणून एक कल्पना आहे, म्हणजे ज्याच्यासाठी सकाळी उठावंसं वाटतं ते. ते माणसाकडे किती आहे हे मोजायची त्यांची एक प्रश्नावली आहे. उल्रिकेनं ती जर्मन बोलणाऱ्यांसाठी बेतायला घेतली. मी म्हटलं, मग मराठी माणसांनी काय घोडं मारलंय? झालं. प्रत्येक वाक्याला एक ते पाच गुण द्यायचे, तो कागद घेऊन मीही दारोदार निघाले.

*

उल्रिकेची माणसं भारी शिस्तीची. 'मी आनंदात आहे' या वाक्याला एका इंजिनिअरनं गुणच दिले नाहीत. उलट विचारलं, "कुठे? कामावर की घरी? वेगळे रकाने करा." दुसऱ्यानं उत्तरांसोबत प्रश्नांच्या सुधारणा जोडल्या. सुधारणा प्रश्नावलीपेक्षा लांब होत्या.

"तुझं बरं आहे," उल्रिके मला म्हणाली. "तुझी माणसं साधी आहेत."

तिला कळणारच होतं.

*

रुवीतल्या पेंडसेकाकूंकडे गेले. प्रश्न काकूंना आणि उत्तर काकांचं. "हिला काय कमी आहे? पाच लिहा."

शेवटी मी म्हटलं, "काका, तुमच्या हातचा चहा मिळेल का?" आणि त्यांना स्वयंपाकघरात पिटाळलं. मग पुढचं वाक्य वाचलं, 'माझी कुणाला तरी गरज आहे.'

आतून आवाज आला, "अगं, साखर कुठे ठेवलीस?" मग, "गाळणं?" मग, "गॅस का लागत नाहीये?"

काकू म्हणाल्या, "पाच लिही."

*

एका बाईंनी सगळ्याला भरभरून गुण दिले, आणि मी निघाले तर लिफ्टपर्यंत धावत आल्या. "ताई, मुलांबद्दलच्या प्रश्नाला तीन करा हं. असं पाच लिहून ठेवलं की दृष्ट लागते."

उल्रिके म्हणाली, "अगं, हा डेटा खोटा झाला."

"मग कर तू पाच," मी म्हटलं. "त्यांच्या मुलांना काही झालं तर तू बघ."

तिनं थोडा विचार केला आणि तीनच ठेवले.

*

आता आईचं. बाबा गेले आणि मी आईला पुण्याहून इकडे आणलं. ती खिडकीशी बसून राहायची. निम्मं जेवण ताटात. एसी बंद कर, एवढंच दिवसभरात बोलायची. घरच्या माणसाला प्रश्न विचारू नयेत हा नियम मला पाठ आहे. पण मला भीती वाटत होती, म्हणून विचारले.

तिनं सगळ्याला एक दिला. रागानं नाही, दारावरच्या भाजीवाल्याला नको म्हणावं तसा.

"आई, एखाद्याला तरी दोन दे."

"कशाला? आता माझं कुठे काय अडलंय, आणि माझ्यावाचून कुणाचं?"

मी बाथरूममध्ये गेले आणि नळ सोडून रडले.

*

दाऊदचाचा मूळचे रत्नागिरीचे, रुवीत मसाल्याचं दुकान. प्रत्येक प्रश्नाला, अल्लाची कृपा या अर्थी, एकच उत्तर, "अल्हम्दुलिल्ला."

"चाचा, किती गुण लिहू?"

"त्याला कसले गुण? तू लिव गो, अल्हम्दुलिल्ला."

तेवढ्यात घरून फोन आला. फोनमध्ये तान्हं बाळ रडत होतं. चाचांना नातू झालेला. सुनेच्या आईचा व्हिसा अडकलेला, आणि चाची तर कधीच अल्लाला प्यारी झालेली. "बाळास न्हाऊ घालणारा कोण नाय," चाचा म्हणाले. "सून घाबरते, हातातून निसटंल म्हणते. नुसता पुसून काढतात."

जेवताना मी हे घरी सांगितलं. सकाळी मी पर्स घेऊन निघाले तर आई दाराशी उभी, जुनं पातळ नेसून, पदर खोचून.

"नुसतं पुसतात म्हणजे काय? बाळ आहे का खिडकीची काच? चल, ने मला."

चाचांच्या न्हाणीघरात ती पाटावर बसली, पाय लांब केले आणि बाळाला पायांवर पालथं घेतलं. तेल चोळलं, कोमट पाणी घातलं. बाळानं टाहो फोडला. सून दाराआड कानात बोटं घालून उभी. मग चाचांनी आणलेल्या, इथल्या सलाला गावच्या लोबानाची धुरी दिली, आणि पोरगं जे झोपलं ते दुपारपर्यंत. सूनबाई आईच्या खांद्यावर डोकं टेकून रडायला लागली.

"रडतेस काय, वेडे," आई म्हणाली. "उद्या येते ना मी."

*

शास्त्रात एक नियम असतो. त्याच माणसाला काही दिवसांनी तेच प्रश्न पुन्हा विचारायचे. उत्तरं फार बदलली तर प्रश्नावलीत खोट आहे असं समजायचं.

उल्रिके मागे लागली होती, "तुझ्या आईचं राहिलंय."

एका सकाळी मी कागद घेऊन बसले. आई उभ्याउभ्याच चहा पीत होती.

"आई, दहा मिनिटं बस. पहिलं वाक्य ऐक. 'मला आपलं आयुष्य...'"

"सुमे, आयुष्याचं रात्री विचार," चपला घालत आई म्हणाली. "तिकडे पाणी निवतंय. यल्ला, गाडी काढ."